झोळ जातो, रेघ राहते : दंडाच्या शस्त्रक्रियेविषयी

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंनी जे विचारले आहे ते थोडक्यात असे. वय ४७. तीन वर्षांपूर्वी वजन घटवण्यासाठी पोटावरची बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झाली, वजन ११२ किलोवरून ७१ वर आले आणि गेले वर्षभर तिथेच टिकून आहे. मधुमेहाची गोळी निम्मी झाली, गुडघे सुधारले. पण दोन्ही दंडांची कातडी काखेपासून कोपरापर्यंत लोंबते, हात हलवला की झुलते आणि उन्हाळ्यात काखेजवळ घामाने पुरळ उठते. आर्म लिफ्ट, म्हणजे दंडाची जादा कातडी कापून काढण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यावी असे त्यांच्या मनात आहे. एका ठिकाणी त्यांना ‘लांब कापायची गरज नाही, लायपोसक्शनने भागेल’ असे सांगितले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘कोपरापर्यंत कापावे लागेल’ असे. यातले खरे कोणाचे, व्रण किती दिसेल, घरकामाला किती दिवसांनी लागता येईल आणि नवरात्रात गरबा खेळता येईल का, हे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, गेली बावीस वर्षे मी याच शहरात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करते आणि वैद्यकीय भाषेत जिला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात ती ही शस्त्रक्रिया मला मनापासून आवडते, कारण तिचा गुण रुग्णाला पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी दिसतो. तरीही भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट सांगते, ती आपल्यालाही सांगते: ही अदलाबदल आहे. लोंबणारी कातडी द्यायची आणि तिच्या जागी एक लांब व्रण घ्यायचा. हा सौदा ज्यांना मनापासून पटतो त्या समाधानी राहतात. ज्यांना झोळही नको असतो आणि रेघही नको असते त्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये, आणि माझ्यासारखीने ती करूही नये.

म्हणून मी एक साधी गोष्ट करते. रुग्णाला आरशासमोर उभी करून, हात खांद्याच्या रेषेत आडवा आणि कोपर दुमडलेले अशा स्थितीत, व्रण जिथे येणार तिथे मार्कर पेनाने काखेपासून कोपराच्या वरपर्यंत रेघ ओढते आणि ती तशीच घेऊन घरी जायला सांगते. एक-दोन दिवस ती रेघ दंडावर ठेवून स्वयंपाक करावा, केस विंचरावेत, बिनबाह्यांचे काही घालून आरशात पाहावे, घरच्यांना दाखवावे. कितीही फोटो दाखवले तरी जे कळत नाही ते या रेघेने कळते. काही जणी तिसऱ्या दिवशी तारीख ठरवायला फोन करतात, काही जणी पुन्हा येत नाहीत. दोन्ही निर्णय मला सारखेच योग्य वाटतात.

आता आपला पहिला प्रश्न. कातडी खाली का उतरते हे समजले की दोघांपैकी खरे कोणाचे हे आपोआप कळते. त्वचेत कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. वर्षानुवर्षे वजनाने ताणले गेलेले हे तंतू आतली चरबी ओसरली तरी पूर्ववत आकसत नाहीत, जुन्या परकराचे इलॅस्टिक जसे ओढून सोडले तरी तसेच पडून राहते तसे. त्वचेखाली एक पातळ आधारपटल असते, जे दंडाची त्वचा काखेच्या आणि गळपट्टीच्या हाडाच्या बाजूला टांगून धरते. ते सैल पडले की सगळा दंड झोळीसारखा खाली येतो. टेड लॉकवूड या अमेरिकन सर्जनने १९९५ मध्ये हे पटल काखेत पक्के टाचण्याची पद्धत मांडली आणि नुसती कातडी ओढून शिवण्याचे दिवस संपले. आज आम्ही टाक्यांचा खरा ताण या आतल्या पटलावर देतो, म्हणजे वरची त्वचा निवांत जुळते आणि व्रण रुंदावत नाही. डंबेल्स उचलून दंडाच्या मागचा स्नायू भरतो, पण त्यावरून लोंबणारी कातडी तेवढीच राहते. मलमे आणि मसाज यांबद्दल बोलण्यासारखे काही नाही.

लायपोसक्शन चरबी काढते, कातडी काढत नाही. ज्यांचे दंड जाड आहेत पण त्वचा तुकतुकीत आणि लवचीक आहे, अशा तरुण मुलींना दोन-तीन बारीक छिद्रांतून केलेल्या लायपोसक्शनचा उत्तम उपयोग होतो. आपल्या बाबतीत चाळीस किलो वजन उतरले आहे, म्हणजे भरलेली पिशवी आधीच रिकामी झाली आहे. तिच्यातले उरलेसुरले काढून घेतले तर ती आणखी लोंबेल. घरच्या घरी पाहायचे असेल तर हात आडवा धरून दंडाच्या खालची कातडी चिमटीत पकडा. चिमटीत जाड, घट्ट वळी आली तर ती चरबी. पातळ, रिकाम्या कापडासारखी घडी आली तर ती त्वचा. आपण लिहिलेल्या वर्णनावरून आपली दुसरी गोष्ट असावी असे दिसते, आणि तसे असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे, ते ऐकायला कडू असले तरी. त्वचेला उष्णता देऊन ती आकसवणारी रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रे थोड्याशा सैलपणासाठी बरी असतात. इतक्या कातडीसाठी त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

काखेतल्या काखेत व्रण लपवणारी छोटी शस्त्रक्रियाही असते आणि तिची जाहिरात पुष्कळ होते. ज्यांची सैल कातडी दंडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यातच आहे त्यांना ती चालते. कोपरापर्यंत झोळ असताना ती केली तर काखेत चुण्या पडतात आणि खालचा भाग तसाच राहतो, मग वर्षभराने पुन्हा टेबलावर यावे लागते. उलट, पुष्कळ वजन उतरलेल्या काही जणींची कातडी काखेच्या खाली, छातीच्या बाजूलाही लोंबते. तिथे रेघ काखेतून वळून बरगड्यांवर उतरते. आपल्याला यातले काय लागेल हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगणे बरोबर नाही.

रेघ नेमकी कुठे ठेवायची यावर सर्जनांमध्ये मतभेद आहेत. दंडाच्या आतल्या बाजूला, स्नायूंमधल्या खोबणीत ठेवली तर हात खाली सोडलेले असताना ती दिसत नाही, हात वर केला की समोरच्याला दिसते. मागच्या बाजूला ठेवली तर आपल्याला स्वतःला आरशात दिसत नाही, पण रांगेत मागे उभी असलेली व्यक्ती पाहू शकते. मी बहुतेक वेळा आतली बाजू निवडते. ज्या रुग्णाला स्वतःच्या नजरेला पडणाऱ्या व्रणाचाच जास्त त्रास होईल असे दिसते तिच्यासाठी मागची. हे रुग्णाला विचारून ठरवायचे असते आणि आधीच ठरवायचे असते.

आपली तयारी कितपत आहे? वजन किमान सहा महिने स्थिर असावे आणि बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेला साधारण बारा ते अठरा महिने होऊन गेलेले असावेत. आपण दोन्ही अटी पार केल्या आहेत. खरी अडचण वेगळीच असते. पोटावरच्या त्या शस्त्रक्रियेनंतर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची कमतरता राहून जाते, आणि जखम शिवायला सर्जन असतो तरी ती भरून येते ती प्रथिनांवर. बॅरिअ‍ॅट्रिकनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. शाकाहारी घरात हे वाटते तितके सोपे नाही, कारण वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात. पनीर, दही, ताक, मूग, सोयाबीन आणि गरज पडली तर प्रथिनांची पावडर, असे सगळे मिळून तो आकडा गाठावा लागतो. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर मी आधी लोह भरून काढते, मगच तारीख देते. मधुमेहाचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास हवा.

तंबाखूबद्दल रुग्ण ‘नाही’ म्हणतात, म्हणून मी प्रश्न बदलला आहे. मी विचारते, ‘दातांना काय लावता?’ मशेरी, तपकीर, बजर, काहीही असो, त्यातले निकोटिन रक्तात जाते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सोडवून ताणलेल्या त्वचेच्या कडा काळ्या पडतात. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर हे पूर्ण बंद हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगा. ती इंजेक्शने पोट उशिरा रिकामे करतात आणि भूल देताना तो धोका ठरतो. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्तनाच्या कर्करोगासाठी कुणाच्या काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला कायमची सूज येण्याची भीती असते. अशा रुग्णांना मी सहसा ही शस्त्रक्रिया सुचवत नाही.

आणखी एक गोष्ट मी न चुकता पाहते: लहानपणी टोचलेल्या बीसीजीची डाव्या खांद्यावरची खूण. ती सपाट, कागदासारखी असेल तर मला बरे वाटते. ती जाड, तांबूस, खाजणारी गाठ झाली असेल, किंवा कान टोचल्याच्या जागी अथवा सिझेरियनच्या टाक्यांवर तशी गाठ असेल, तर त्या त्वचेला व्रण वाढवण्याची सवय आहे असे समजावे. खांदा ही जागा मुळातच अशा गाठींसाठी बदनाम आहे, त्यामुळे एकट्या त्या खुणेवरून मी नकार देत नाही. पण आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जाड आणि गडद व्रणांचे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असते, आणि परदेशी संकेतस्थळांवर दिसणाऱ्या फिकट गुलाबी रेघांवरून आपण आपला अंदाज बांधू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, भूल देण्याआधी, उभ्या स्थितीतच दोन्ही दंडांवर खुणा केल्या जातात, कारण आडवे झाल्यावर कातडी वेगळ्याच बाजूला सरकते. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या घरीच काढून या. हातांना सूज येते आणि मग घट्ट पाटली कापावी लागते. असा प्रसंग मी पाहिला आहे आणि तो रुग्णापेक्षा सासूबाईंना जास्त लागला होता. बहुधा पूर्ण भूल दिली जाते आणि दोन्ही दंड मिळून दोन ते तीन तास लागतात. दोन्ही हात शस्त्रक्रियेत गुंतलेले असल्याने रक्तदाबाचा पट्टा पायाला बांधतात. शुद्धीवर आल्यावर पोटरी आवळल्यासारखी वाटली तर घाबरू नका. आधी सलाइनमध्ये रक्तवाहिन्या आकसणारे औषध मिसळून ते त्वचेखाली भरतात, लागेल तिथे लायपोसक्शन करतात, मग जादा कातडी काढून थराथराने शिवतात. काखेत रेघ सरळ नेली तर पुढे ती दोरीसारखी ताणली जाते आणि हात वर जाईनासा होतो, म्हणून तिथे तिला इंग्रजी झेड अक्षरासारखे वळण देतात. आतले टाके विरघळणारे असतात. बहुतेक जणींना एक रात्र दवाखान्यात ठेवतो.

येथे माझीच एक चूक सांगते, कारण तिच्यावरून पुष्कळ शिकायला मिळाले. उमेदीच्या वर्षांत एका रुग्णाच्या दंडावर मी सकाळी काढलेल्या खुणांवर विश्वास ठेवून सगळी कातडी एकदम काढली. तोवर दंडाला सूज चढू लागली होती आणि मधल्या भागात कडा जुळेनात. कशाबशा जुळवल्या, पण रात्री त्या बाईंची बोटे निळसर झाली, पट्टी सैल करावी लागली, आणि पुढे तेवढ्या भागात व्रण बोटभर रुंद झाला. तेव्हापासून मी तुकड्यातुकड्याने पुढे जाते: कोपराकडून सुरुवात करून चार-पाच बोटे कातडी काढायची, लगेच तात्पुरत्या पिनांनी मिटवायची, मग पुढची. ही पद्धत माझी नव्हे, अनेक सर्जन ती वापरतात. मला ती पुस्तकात वाचूनही अनुभवाने शिकावी लागली. सर्जनला ‘कातडी एकदम काढता की टप्प्याटप्प्याने?’ असे विचारण्यात गैर काही नाही.

कोपराच्या वर, आतल्या बाजूला, एक बारीक चेता (मज्जातंतू) त्वचेखालून वर येते. हाताच्या पुढच्या भागाची आतली बाजू तिच्यामुळे संवेदनशील राहते. तिच्या शेजारून बॅसिलिक नावाची शीर जाते. त्या जागी आम्ही स्नायूवरच्या पडद्यापर्यंत खोल न जाता चरबीचा एक थर मुद्दाम मागे ठेवतो, कारण त्यामुळे चेताही वाचते आणि ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्याही. तरीही काही महिने दंडाची आतली बाजू, कधी कोपराखालचा भाग, बधिर राहतो. गरम तवा किंवा कुकरची वाफ लागली तरी चटका जाणवत नाही, म्हणून स्वयंपाकघरात जपून. बधिरता बहुधा हळूहळू ओसरते, क्वचित थोडी कायम राहते.

वेदना लोकांना वाटते त्यापेक्षा कमी असतात. पहिले तीन-चार दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या पुरतात. जास्त जाणवतो तो ताण, दंडाला दोन मापे लहान ब्लाऊज चढवल्यासारखा. हात उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवून पाठीवर झोपायचे, बोटांची उघडझाप करत राहायची आणि त्याच संध्याकाळी उठून चालायचे, म्हणजे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. जखमेतला द्रव बाहेर काढण्यासाठी नळी घातलेली असेल तर ती काही दिवसांत निघते. अठ्ठेचाळीस तासांनी बहुतेकींना अंघोळीची परवानगी मिळते. दाबाची बाही, म्हणजे घट्ट लवचीक आवरण, चार ते सहा आठवडे जवळजवळ दिवसभर घालावी लागते. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा ही बाही म्हणजे शिक्षाच असते आणि काखेतली ओल टाक्यांना मुळीच मानवत नाही. म्हणून शक्य तेव्हा मी ही शस्त्रक्रिया हिवाळ्यात घेते.

घरकामाबद्दल आपण विचारले आहे त्याचे उत्तर दिवसांपेक्षा हालचालींत दिलेले बरे. चहा करणे, भाजी निवडणे, फोन, संगणक हे आठवड्याच्या आत जमते, आणि बैठी नोकरी असेल तर दहा-बारा दिवसांत रुजू होता येते. पोळ्या लाटणे दोन ते तीन आठवड्यांनी, कारण त्यात दंड पुढे-मागे ओढला जातो. डोक्यावरून घालायचे कुडते दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा आणि पुढून बटणे असलेले गाऊन आणून ठेवा. अंबाडा घालायला, वेणी घालायला कुणीतरी हाताशी लागेल. कोपर खांद्याच्या वर नेणे तीन आठवडे टाळावे, त्यामुळे माळ्यावरचे डबे आणि दोरीवरचे कपडे दुसऱ्याकडे. दुचाकी दोन-तीन आठवडे नको. अचानक ब्रेक लावताना हात दचकतो, तोच टाक्यांवर येतो. पाण्याची बादली, भरलेला कुकर, गॅसची टाकी हे सहा आठवडे नाही म्हणजे नाही. माझ्या एका रुग्णाने बाराव्या दिवशी, सगळे छान चालले असताना, दारात धावत आलेल्या नातीला उचलून घेतले. काखेतली जखम दोन बोटे उघडली आणि महिनाभर ड्रेसिंगला यावे लागले. नातीला बसून मांडीवर घ्या, उचलू नका.

काखेतली जखम थोडी उघडणे हा या शस्त्रक्रियेत वारंवार दिसणारा प्रकार आहे, आणि तो बहुधा नुसत्या ड्रेसिंगने भरून येतो. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास कोपराजवळ मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगवटा दिसला तर तो साठलेला द्रव असतो. सुईने काढता येतो, कधी दोन-तीनदा काढावा लागतो. आतला एखादा टाका पुटकुळीसारखा बाहेर डोकावतो, तोही किरकोळच. मात्र एक दंड काही तासांत दुसऱ्यापेक्षा बराच फुगला, बोटे निळी किंवा गार पडली, १०१ अंशांवर ताप आला, जखमेतून पू आला, एका पोटरीत दुखू लागले किंवा दम लागला, तर रात्र असो वा दिवाळी, त्याच क्षणी आपल्या डॉक्टरांना गाठावे. शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवा की रात्री फोन कोण उचलेल.

व्रणाचे वागणे समजून घेतले नाही तर तिसऱ्या महिन्यात हमखास निराशा येते. पहिल्या महिन्यात रेघ बारीक आणि शांत दिसते आणि सगळे खूश असतात. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात ती तांबूस किंवा काळपट, थोडी उंच, कडक आणि खाजरी होते. ‘काहीतरी बिघडले’ असे म्हणत रुग्ण येतात ते याच काळात. ही भरून येण्याचीच पायरी आहे. नंतर ती मऊ आणि फिकी होत जाते आणि तिचे शेवटचे रूप बारा ते अठरा महिन्यांनी कळते. जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल रोज बारा तासांहून जास्त, निदान तीन महिने, हलका मसाज आणि उन्हापासून बचाव, एवढे मी सगळ्यांना देते. हळद, मध, कोरफड उघड्या जखमेवर लावू नका. मिटलेल्या व्रणावर लावल्याने नुकसान नाही, फायदाही विशेष नाही. रेघ फारच उंच होऊ लागली तर स्टेरॉइडची इंजेक्शने देतात, आणि ती वेळेवर दिली तर चांगली लागू पडतात.

काय मिळणार नाही, तेही सांगायला हवे. वजन उतरणार नाही. दोन्ही दंडांतून काढलेली कातडी मिळून किलोभराच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी भरते. दोन्ही दंड तंतोतंत सारखे होणार नाहीत, कारण ते आधीही नव्हते. कोपराजवळच्या सुरकुत्या आणि हाताच्या पुढच्या भागाची त्वचा तशीच राहील. सहा महिन्यांनी सूज गेली की थोडासा सैलपणा परत जाणवतो, तो सर्जनचा दोष नव्हे. वजन पुन्हा दहा-पंधरा किलोंनी वाढून उतरले तर मात्र झोळ नव्याने येऊ शकतो. जे मिळते ते असे: बाह्या शिवायच्या मापाने शिवता येतात, काखेतले पुरळ थांबते, आणि हात हलवताना दंड आपल्या मागून हलत येत नाही. ब्लाऊजांची मापे तीन महिने तरी बदलू नका. घाई करून शिवलेले सगळे ब्लाऊज उसवून घ्यावे लागलेल्या एक बाई मला अजून त्याची आठवण करून देतात. वाकी किंवा बाजूबंद दंडावर घालायचा असेल तर तो व्रण मऊ झाल्यावर, आणि सैल.

गरब्याचा प्रश्न बडोद्यात प्रत्येकीच्या मनात असतो, काही जणी विचारतात, बाकीच्या विचारत नाहीत, एवढाच फरक. हात वर नेऊन टाळी देण्याची मुभा साधारण सहा आठवड्यांनी मिळते, पण रात्री तीन-तीन तास नाचण्याइतकी त्वचा आणि व्रण तयार व्हायला मी तीन ते चार महिने धरते. नवरात्र सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ‘नवरात्राआधी करून टाका’ म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवते. आणि एक विसंगती मनात असू द्या: बिनबाह्यांच्या चोळीसाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यायची, आणि त्या चोळीत हात वर केल्यावरच तिची रेघ दिसायची. पहिल्या वर्षी ती ठळक दिसेल. कोपरापर्यंत बाही असलेली चोळी शिवली तर कुणाला काही कळणार नाही, आणि दंडाचा आकार मात्र कळेल.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सहसा वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरच्या दुरुस्तीला वेगळे नियम आहेत. उपचारांवर एरवी नसलेला जीएसटी या प्रकारच्या शस्त्रक्रियेवर लागतो, त्यामुळे अंदाजपत्रक मागताना भूल, दवाखाना, दाबाच्या दोन बाह्या, ड्रेसिंग आणि कर यांसह एकूण आकडा लेखी मागा, आणि पुन्हा थोडी दुरुस्ती करावी लागली तर तिचे पैसे वेगळे पडतील का हेही विचारा. सर्जनकडे एमबीबीएसनंतर प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे ना, आणि शस्त्रक्रिया भूलतज्ज्ञ व पूर्ण सोयींच्या शस्त्रक्रियागृहात होणार आहे ना, एवढे तपासल्याशिवाय कुठेही आगाऊ रक्कम भरू नका. पार्लरला जोडलेल्या खोलीत कुणी ‘चरबी विरघळवणारे’ इंजेक्शन देऊ लागले तर उठून यावे.

आपल्यासाठी मी सुचवेन तो काळ जानेवारीचा उत्तरार्ध. त्याआधी उत्तरायण, म्हणजे आपली पतंगांची संक्रांत, गच्चीवर मनसोक्त साजरे करून घ्या, कारण टाके ओले असताना पतंगाला ढील देण्याचा मोह आवरत नाही, हे मी दर वर्षी पाहते. होळीपर्यंत दाबाची बाही उतरलेली असेल, उन्हाळ्याच्या आत काख कोरडी आणि भरलेली असेल, आणि नवरात्राला आठ महिने हातात राहतील. भेटायला येताना बॅरिअ‍ॅट्रिकचे जुने कागद, गेल्या तीन महिन्यांतले हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ आणि प्रथिनांचे अहवाल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि सैल बाह्यांचा ब्लाऊज घेऊन या. मार्कर पेन माझ्याकडे आहे.